आरएनए स्प्लायसिंग

डीएनएवरून नुकत्याच उतरवलेल्या पूर्वगामी आरएनएमधील इंट्रॉन हे खंड कापून टाकून उरलेले एक्झॉन सलग सांधण्याची प्रक्रिया. दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेल्या) पेशींत ती केंद्रकात घडते, आणि पुष्कळदा आरएनएचे लेखन पुरे होण्याआधीच सुरू होते.

१९७७ साली फिलिप शार्प व रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना अॅडेनोविषाणूच्या एम-आरएनएशी (प्रथिनाचा संदेश वाहणाऱ्या आरएनएशी) डीएनएची जोडी जुळवताना डीएनएचे वेटोळे मोकळे सुटलेले दिसले. एम-आरएनएत नसलेले तुकडे ते हेच. दोघांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इंट्रॉन बहुधा जीयू या दोन आरएनए-अक्षरांनी सुरू होतो व एजीने संपतो. शेवटाच्या थोडे अलीकडे शाखाबिंदूचे अॅडेनोसिन असते. पहिल्या पायरीत त्याचा २′ हायड्रॉक्सिल गट इंट्रॉनच्या आरंभीच्या बंधावर हल्ला करतो व इंट्रॉनला फासाचा आकार येतो. दुसऱ्या पायरीत मोकळा झालेला एक्झॉन पुढच्या एक्झॉनला जोडला जातो. जेवढे बंध तुटतात तेवढेच बनतात, म्हणून या रसायनाला बाहेरची ऊर्जा लागत नाही. एटीपी (पेशीतील ऊर्जावाहक रेणू) खर्ची पडते ते स्प्लायसिओसोमची, म्हणजे हे काम करणाऱ्या यंत्रणेची, मांडणी वारंवार बदलण्यात. तिचे यू-घटक लहान आरएनए व प्रथिनांचे बनलेले असतात: यू१ आरंभ ओळखतो, यू२ शाखाबिंदू; मग यू४, यू५, यू६ एकत्र येतात आणि यू१ व यू४ निघून जातात. उत्प्रेरक केंद्रातील मॅग्नेशियम आयन यू६ आरएनएने धरून ठेवलेले असतात. म्हणजे कापणारे हत्यार प्रथिन नव्हे.

इंट्रॉन आले कुठून, हा वाद जुना आहे. ते जीवसृष्टीच्या आरंभापासून होते व जीवाणूंनी ते गमावले, असे जीवशास्त्रज्ञ वॉल्टर गिल्बर्ट यांच्यासह काहींचे मत होते. दुसऱ्या मताप्रमाणे ते उशिरा आले: तंतुकणिकांच्या जीवाणू-पूर्वजाकडील ‘दुसरा गट’ या वर्गातले स्वयंछेदी (स्वतःच स्वतःला कापून सुटणारे) इंट्रॉन यजमानाच्या जनुकांत पसरले व पुढे त्यांचेच तुकडे होऊन यू-आरएनए बनले. हे इंट्रॉनही फास करूनच सुटतात. यू६चा गाभा त्यांच्या पाचव्या खंडाशी जुळतो. स्प्लायसिओसोममधील पीआरपी८ हे प्रथिन त्यांच्या उलटलेखी विकराच्या (आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या विकराच्या) घडणीचे आहे. एवढी साम्ये योगायोगाने येणे कठीण दिसते. हा प्रसार दृश्यकेंद्रकींच्या शेवटच्या सामाईक पूर्वजाआधीचा, ढोबळमानाने दीड ते दोन अब्ज वर्षांपूर्वीचा, मानावा लागतो. किण्वातील इंट्रॉनांचे दुर्भिक्ष हे मूळ रूप नसून नंतरची झीज होय.

सांधा एका न्यूक्लिओटाइडने सरकला तरी पुढचे सारे वाचन बिघडते. हिमोग्लोबिनचा घटक असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये पाचव्या स्थानी जीऐवजी सी आला, की यू१ची पकड सैल होते व एरवी निष्क्रिय असलेल्या शेजारच्या जागी काप बसतो. भारतातील बीटा थॅलेसीमियात (बीटा ग्लोबिन कमी पडणाऱ्या आनुवंशिक रक्तविकारात) हेच उत्परिवर्तन सर्वाधिक आढळते. भूमध्य समुद्रालगत मात्र त्याच इंट्रॉनच्या ११०व्या स्थानी जीचा ए होऊन नवा एजी तयार होतो, इंट्रॉनची १९ न्यूक्लिओटाइडे आत राहतात आणि त्यांतच थांबा-संकेत येतो.