चॉकलेट सिस्टमधील लोह आणि अंडाशयाचा कर्करोग

एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असलेल्या स्त्रियांमध्ये अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका चौपट असतो, अशा आशयाच्या बातम्या जुलै २०२४ पासून वारंवार वाचनात येतात. त्यांचा आधार 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील युटा राज्याचा अभ्यास आहे. सुमारे साडेचार लाख स्त्रियांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी जवळजवळ ७९ हजार जणींना एंडोमेट्रिऑसिस होता. त्यांच्यात अंडाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर स्त्रियांच्या ४.२ पट आढळले. ज्यांचा आजार अंडाशयात गाठींच्या (चॉकलेट सिस्टच्या) रूपात होता किंवा ऊतींमध्ये खोलवर शिरलेला होता, त्यांच्यात ते ९.७ पट होते. हे आकडे खरे आहेत, परंतु त्याच शोधनिबंधातला तिसरा आकडा बहुतेक बातम्यांनी गाळला. एंडोमेट्रिऑसिस असलेल्या दहा हजार स्त्रियांमागे कर्करोगाचे सुमारे १० रुग्ण जास्त आढळले, असे तो सांगतो. मूळ धोकाच लहान असल्यामुळे तो चौपट झाला तरी लहानच राहतो, आणि हे न सांगता केवळ 'चौपट' छापणे म्हणजे आधीच वेदनेने गांजलेल्या स्त्रियांना विनाकारण घाबरवणे आहे.

तरीही हा संबंध खरा आहे आणि तो कसा जुळतो, हे समजून घेण्याजोगे आहे. एंडोमेट्रिऑसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आवरणावर किंवा आतड्यालगत वाढते. मासिक पाळीतील काही रक्त आणि अस्तराचे तुकडे बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जातात आणि तिथे रुजतात, असा सिद्धांत अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडला. त्याआधी, १९२५ मध्येच, अशा ऊतीतून अंडाशयाचा कर्करोग उद्भवू शकतो, असेही त्यांनी लिहिले होते.

अंडाशयात रुजलेल्या या ऊतीवरही पाळीच्या संप्रेरकांचा परिणाम होतो. ती दर महिन्याला जाड होते आणि तिच्यातून रक्तस्राव होतो. परंतु गर्भाशयातल्या रक्ताला बाहेर पडण्याची वाट असते, तशी या रक्ताला नसते. ते साचत जाते, जुने होते, घट्ट आणि काळपट तपकिरी बनते, आणि म्हणूनच या गाठीला चॉकलेट सिस्ट म्हणतात. साचलेल्या लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातील हिमोग्लोबिन विघटित होते आणि त्यातले लोह सुटे होते. निरोगी शरीर लोहाला असे मोकळे सोडत नाही. रक्तात ट्रान्सफेरिन आणि पेशींमध्ये फेरिटिन ही प्रथिने त्याला सतत बांधून ठेवतात. सिस्टमध्ये मात्र वर्षानुवर्षे इतके लोह जमते की ही व्यवस्था अपुरी पडते, आणि आतल्या द्रवात मुक्त लोहाचे प्रमाण अंडाशयाच्या इतर साध्या गाठींच्या तुलनेत कितीतरी अधिक आढळते.

यानंतरची रासायनिक अभिक्रिया हेन्री फेंटन यांच्या नावाने ओळखली जाते. तिचे पहिले सविस्तर वर्णन १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशींच्या नेहमीच्या श्वसनात थोडेसे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतच असते आणि एरवी पेशीतील विकरे त्याचा निचरा करतात. त्याची गाठ द्विसंयुजी लोहाशी पडली, की लोह एक इलेक्ट्रॉन देऊन त्रिसंयुजी होते आणि पेरॉक्साइडमधून हायड्रॉक्सिल रॅडिकल बाहेर पडतो. हा रॅडिकल इतका क्रियाशील असतो की सेकंदाच्या साधारण अब्जांश भागातच तो शेजारच्या रेणूवर तुटून पडतो. त्यामुळे तो दूर जाऊ शकत नाही, आणि जिथे लोह असेल तिथेच नुकसान होते. लोह मात्र या अभिक्रियेत संपत नाही. आसपासचे इतर रेणू त्याला पुन्हा इलेक्ट्रॉन देतात आणि तेच लोह पुढच्या फेरीसाठी सज्ज होते.

हा रॅडिकल डीएनएपाशी तयार झाला तर तेथील ग्वानिन या घटकाचे ऑक्सिडीकरण होऊन ८-ऑक्सोग्वानिन बनते. ग्वानिनची जोडी एरवी सायटोसिनशी जमते. हे बदललेले रूप मात्र अ‍ॅडेनिनशीही जोडी जमवते. पेशीच्या दुरुस्ती यंत्रणेने ते वेळीच काढून टाकले नाही, तर पेशी विभाजित होताना डीएनएमधले एक अक्षर कायमचे बदलते. यालाच आपण उत्परिवर्तन म्हणतो. बहुतेक उत्परिवर्तने निरुपद्रवी ठरतात आणि पुष्कळ पेशी या ताणाखाली मरूनही जातात. परंतु ज्या थोड्या पेशी हा ताण सोसायला शिकतात, त्याच टिकतात आणि वाढतात.

पाळीचे रक्तच अशुद्ध असते आणि ते अंगात साचले की रोग होतात, या जुन्या समजुतीला वरील विवेचनाने बळ मिळू नये, म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे की या रक्तातले लोह धमनीतल्या रक्तातल्या लोहाहून तिळमात्रही वेगळे नाही. अपाय होतो तो रक्त बंदिस्त जागी अडकल्यामुळे. 'शरीरशुद्धी' करणारी चूर्णे आणि पेये चॉकलेट सिस्टमधील लोह बाहेर काढतात, असा दावा कोणी करत असेल तर त्याला काहीही आधार नाही.

कोणत्या जनुकातला बिघाड महत्त्वाचा ठरतो, याचा ठळक धागा २०१० मध्ये हाती आला. पेशीच्या केंद्रकात घट्ट गुंडाळलेला डीएनए हव्या त्या ठिकाणी सैल करणाऱ्या प्रथिनसमूहाचा एक भाग एआरआयडी१ए या जनुकापासून बनतो. अंडाशयाच्या क्लिअर सेल कर्करोगाच्या ४६ टक्के आणि एंडोमेट्रिऑइड कर्करोगाच्या ३० टक्के नमुन्यांत हे जनुक बिघडलेले आढळले, आणि काही रुग्णांमध्ये तोच बिघाड कर्करोगाच्या गाठीलगतच्या एंडोमेट्रिऑसिसच्या ऊतीतही सापडला. दोन वर्षांनी १३ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात एंडोमेट्रिऑसिसमुळे याच दोन प्रकारांचा धोका अनुक्रमे तिप्पट आणि दुप्पट दिसला. अंडाशयाच्या कर्करोगाचा सर्वांत मोठा गट म्हणजे हाय-ग्रेड सिरस कर्करोग. तो बहुतांशी बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो, आणि त्याच्याशी या विश्लेषणात संबंध आढळला नाही.

मात्र उत्परिवर्तन झाले म्हणजे कर्करोग झाला, असे नाही. ज्या खोलवर शिरलेल्या एंडोमेट्रिऑसिसमधून कर्करोग क्वचितच उद्भवतो, त्याच्या २४ रुग्णांपैकी पाच जणींच्या ऊतीत कर्करोगाशी निगडित जनुकांमधले बदल सापडले, असे २०१७ च्या एका अभ्यासाने दाखवले. पुढे तर पूर्णपणे निरोगी गर्भाशयाच्या अस्तरातही असे बदल आढळले. मला या विषयातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो, कारण बिघडलेले जनुक आणि कर्करोग यांच्यामध्ये आजूबाजूची परिस्थिती, दाह, संप्रेरके आणि काळ असे बरेच काही उभे असते.

एंडोमेट्रिऑसिस आहे एवढ्याच कारणाने दरवर्षी कर्करोगाच्या तपासण्या करत राहण्याची शिफारस सध्याची मार्गदर्शक तत्त्वे करत नाहीत. सीए-१२५ ही रक्तचाचणी एंडोमेट्रिऑसिसमध्येही वाढलेली येते, त्यामुळे तिच्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. गर्भनिरोधक गोळ्या दीर्घकाळ घेतलेल्या स्त्रियांमध्ये अंडाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आढळते. त्या घ्याव्यात की नाही, हे मात्र प्रत्येकीच्या प्रकृतीवर अवलंबून असल्याने डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे लागते. रजोनिवृत्तीनंतर सिस्ट वाढू लागणे, तसेच सोनोग्राफीत सिस्टच्या भिंतीवर रक्तपुरवठा असलेला घट्ट उंचवटा दिसणे, या गोष्टींची तातडीने तपासणी व्हायला हवी. गर्भारपणात संप्रेरकांमुळे सिस्टचे अस्तर फुगून असाच उंचवटा दिसू शकतो आणि तो बहुधा प्रसूतीनंतर ओसरतो. म्हणून अशा वेळी सोनोग्राफी पाहणाऱ्या डॉक्टरांना गर्भारपणाची आणि जुन्या एंडोमेट्रिऑसिसची माहिती असणे फार आवश्यक असते.