धनगरी वाडा (कोल्हापूर परिसर)

मेंढरे, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि सगळे बिऱ्हाड बरोबर घेऊन ऋतूप्रमाणे फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचा तळ, तसेच तो तळ करून राहणारा कुटुंबसमूह. एका वाड्यात साधारणपणे चार-दोन ते आठ-दहा कुटुंबे असतात. ती बहुधा भावकीतली किंवा सोयऱ्यांची असतात, पण प्रत्येकाची मेंढरे आणि चूल वेगळी असते. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांत डोंगरमाथ्यावरच्या डंगे धनगरांच्या कायम वस्त्यांनाही धनगरवाडा म्हणतात. म्हशी पाळणाऱ्या त्या स्थिर वस्त्यांचा या नोंदीत विचार केलेला नाही.

वाडा कधी आणि किती हलवायचा हे जनावरे ठरवतात. चारा संपला, पाणी लांब पडले, मेंढ्या व्यायला लागल्या किंवा पाऊस जवळ आला की वाडा उठतो. कारभारी पुढे जाऊन रान बघून येतो आणि शेतमालकाशी बोलणे करतो. पुरुष मेंढरे हाकत चरणीच्या वाटेने जातात. बायका बिऱ्हाड लादलेली घोडी घेऊन थेट मुक्कामाची जागा गाठतात. उतरल्यावर जागा झाडणे, तीन दगडांची चूल मांडणे, पाणी आणणे आणि वाघर लावणे ही कामे त्यांचीच. वाघर म्हणजे मेंढरे कोंडण्याची दोरीची जाळी. जमिनीत खुंट्या ठोकून ती गोलाकार ताणतात आणि तिन्हीसांजेला कळप आत घेतात. नुकतीच जन्मलेली कोकरे डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली) झाकून ठेवतात. माळावरून मेंढ्या परतल्या की डालगी उचलतात, आणि त्या कल्लोळात प्रत्येक आई आपले कोकरू वासाने हुडकून काढते. जी मेंढी पाजत नाही तिला धरून कोकरू लावून द्यावे लागते. म्हातारी माणसे हे काम अंधारातही बिनचूक करतात. वाड्याच्या वर्णनांत याचा उल्लेख क्वचितच येतो, पण कळपाची वाढ बऱ्याच अंशी याच कामावर अवलंबून असते.

*फिरण्याची दिशा.* फलटण, बारामती, खंडाळा भागातील वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. छापील साहित्यात प्रामुख्याने याच फेऱ्याचे वर्णन आढळते. कोल्हापूरचा फेरा वेगळा आहे आणि त्याचे कारण पावसात आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर शिरोळला पाच-सहाशेच्या आसपास, आणि या दोन ठिकाणांत जेमतेम शंभर किलोमीटरचे अंतर आहे. सततच्या ओल्यात मेंढीची लोकर वाळत नाही, खुरे कुजतात आणि पाणथळीतल्या गोगलगायींमार्फत यकृतकृमी होतात. म्हणून कागल, करवीर, हातकणंगले भागातील वाडे मृगाच्या सुमारास पूर्वेला सरकतात आणि शिरोळ, मिरज ओलांडून रायबाग, अथणी, जतच्या कोरड्या माळांवर जातात. दसरा-दिवाळीनंतर सुगी झालेल्या आणि ऊस तुटलेल्या रानांत ते परत येतात. सगळेच परततात असे नाही. काही वाडे उन्हाळाही बेळगाव जिल्ह्यातच काढतात. एप्रिल २०२५ मध्ये कागल तालुक्यातील यमगे गावच्या मेंढपाळाच्या मुलाची केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत निवड झाली, ती बातमी त्याला बेळगाव भागात मेंढरांमागे असतानाच कळली.

*प्राचीनत्व.* दख्खनवरील फिरती मेंढपाळी किती जुनी आहे, याविषयी मतभेद आहेत. इनामगाव (जि. पुणे) येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथल्या उत्तर जोर्वे थरांत (ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीचा शेवटचा टप्पा, इ. स. पू. सु. १०००–७००) आधीच्या मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात आणि शेळ्यामेंढ्यांचे महत्त्व वाढलेले आढळते. पाऊस घटल्याने शेतकरी वस्ती अर्धभटक्या पशुपालनाकडे वळली, असे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी त्यावरून मांडले. पुढे या अनुमानावर शंका घेतल्या गेल्या, आणि त्या रास्त वाटतात. झोपडी गोल आहे एवढ्यावरून तिच्यात राहणारा फिरता होता असे ठरत नाही, आणि त्या थरांत धान्याचे अवशेषही आहेत.

इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी वेगळ्या अंगाने विचार केला. पुणे परिसरात पायी हिंडून त्यांनी सूक्ष्मास्त्रे (अश्मयुगीन दगडी हत्यारांची बारीक पाती) सापडणाऱ्या जागा, महापाषाणे (मोठ्या शिळांची प्राचीन स्मारके), देवींची ठाणी आणि मेंढपाळांच्या वाटा यांचा मेळ घातला आणि या वाटा प्रागैतिहासिक काळापासून चालत आल्या असाव्यात असे सुचवले. ही कल्पना मोहक आहे. मात्र तिचा आधार भीमेच्या खोऱ्यातला असल्याने, पाऊस आणि फेरा दोन्ही वेगळे असलेल्या पंचगंगेच्या खोऱ्याला ती जशीच्या तशी लावता येत नाही. कर्नाटकातील रायचूर-बळ्ळारी भागातील नवाश्मयुगीन राखेचे ढिगारेही या संदर्भात पुढे केले जातात. ते जनावरे कोंडण्याच्या जागी साठलेले शेण जळून झाले, हे मत आता बहुमान्य आहे; पण ती जनावरे मुख्यतः गुरे होती. कोल्हापूर परिसरात विपुल असलेल्या वीरगळांवरही (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवरही) गुरांसाठी झालेल्या लढाया कोरलेल्या आढळतात, मेंढरांसाठी झालेल्या नव्हेत. शहरातील ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननाने सातवाहनकालीन नगर उजेडात आणले. पण तो नगराचा पुरावा झाला. वाडा उठला की मागे चुलीचे दगड आणि लेंड्यांचा थर उरतो, आणि तोही पहिल्याच नांगरटीत जातो.

जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी धनगरी ओव्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांच्या स्थानांवरून पशुपालक आणि शेतकरी यांचे परस्परसंबंध दाखवले. ओव्यांचा काळ ठरवणे अवघड असले तरी त्यांत येणारे रान आणि गाव यांचे नाते आजच्या व्यवहाराशी जुळते. मेंढरे पाळणे फार जुने आहे यात शंका नाही. परंतु शेतात रात्री कळप बसवून त्याचा मोबदला घेणारा वाडा आजच्या रूपात पाहता, सभोवती स्थिर धान्यशेती असल्याखेरीज तो टिकला नसता. त्यामुळे वाड्याची ही रीत मध्ययुगात किंवा त्यानंतर घडली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

*शेतीशी देवघेव.* रानात बकरी बसवणे (इकडे मेंढरांनाच बकरी म्हणतात) हा वाड्याचा कणा आहे. लेंडी आणि मूत थेट जमिनीत मुरते, खत वाहून न्यावे लागत नाही, आणि एका रात्रीत बसलेला तुकडा पुढच्या पिकात वेगळा उठून दिसतो. वाघर रोज थोडी सरकवतात, म्हणजे सारे रान सारखे खतावते. मोबदला पूर्वी धान्यात मिळे, आता तो बहुतेक रोखीत ठरतो.

*जनावरे.* मूळ मेंढी दख्खनी जातीची असून लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे तिचे प्रकार मानतात. अंगाने मध्यम, बहुधा काळी, लोकर राठ, चालायला चिवट. राठ लोकरीचे कापड होत नाही; तिचे घोंगडे होते. सनगर कारागीर ते मागावर विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. लोकरीला भाव राहिला नाही तसे मांसासाठी लवकर वाढणाऱ्या, जत तालुक्यातील माडग्याळ जातीचे नर कळपात शिरले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळी होण्याचा जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. जुळ्यांनी उत्पन्न वाढते. फिरत्या वाड्यात मात्र प्रत्येक जास्तीचे कोकरू काही दिवस वाहून न्यावे लागते आणि आईचे दूध दोघांत वाटले जाते, म्हणून ती बसून पाळणाऱ्यांना अधिक सोयीची आहे.

ओझ्याचे घोडे म्हणजे ठेंगणे, काटक भीमथडी तट्टू. अलीकडेच त्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. ही जात टिकली याचे श्रेय मोठ्या प्रमाणात वाड्यांनाच द्यावे लागेल. कुत्री गावठी असतात, आणि लांडगा-बिबट्याने नरडे धरू नये म्हणून काही वाड्यांत त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात. उसात बिबटे वाढल्यापासून कुत्र्यांची गरज वाढली आहे.

*ट्रॉली आणि टेम्पो.* गेल्या काही दशकांत अनेक वाड्यांनी घोडी कमी करून ट्रॅक्टरची ट्रॉली, टेम्पो किंवा छोटा हत्ती धरला आहे. कळप अजूनही बहुधा पायीच जातो, कारण त्याचे चरणे वाटेतच होत असते. गाडीतून पुढे जातात ती भांडी, पाण्याची पिंपे, वाघरी, कोंबड्यांची खुराडी, म्हातारी माणसे, पोरे आणि कोकरे. तळावर उभ्या ट्रॉलीची सावली, आडोसा आणि कोठी होते, आणि तिच्या जूला कुत्रे बांधतात. सबंध कळप गाडीने न्यायचा असेल तेव्हा मात्र जपावे लागते. उन्हात पत्र्याची फळी तापते, दाटीत खाली बसलेले जनावर तुडवले जाते, आणि पोट भरलेल्या मेंढ्या वळणावर एका अंगाला कलल्या की ट्रॉलीचा तोल जातो. जाणती माणसे मध्ये आडव्या फळ्या घालून कप्पे करतात, खाली पाचट किंवा पेंढा अंथरतात आणि पहाटेच निघतात. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या केंद्रीय नियमांतही मेंढ्यांखाली किमान ५ सेंटिमीटर जाडीचे अंथरूण सांगितले आहे आणि नर व माद्या एकत्र ठेवू नयेत असे म्हटले आहे. मालवाहू ट्रॉलीतून माणसे नेणे कायद्यात बसत नाही. तरीही बाळंतीण बाईला आणि तान्ह्या पोराला वाड्याबरोबर न्यायला दुसरे साधन बहुतेकांकडे नसते, ही गोष्ट नियम लावणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवी.

*सण व देव.* दिवाळी पाडव्याला कोल्हापूर भागात बकरी बुजवतात. मेंढरे धुऊन रंगवतात, लेंड्यांची रास करून पुजतात आणि कळप तिच्यावरून उड्या मारत नेतात. आश्विनात हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. तिथे भंडारा, खारका आणि लोकर उधळतात, ढोल-कैताळाच्या गजरात हेडाम हा धनगरी नाच खेळतात, आणि सोलापूर जिल्ह्यातील अंजनगावहून पायी येणारे फरांदेबाबा पाऊस, पीक व रोगराईची भाकणूक सांगतात. पूर्वेकडून परतणारे वाडे याच सुमारास जवळ आलेले असतात.

*आजची स्थिती.* राधानगरी धरणाने आणि नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांनी बारमाही पाणी आले, तसा ऊस पसरला आणि पडीक माळ उरला नाही. गायराने इमारतींखाली आणि अतिक्रमणांत गेली. पश्चिमेला १९५८ पासून राधानगरी अभयारण्य आहे आणि उत्तरेकडे चांदोलीचे जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले, त्यामुळे तिकडे चराई बंद आहे. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. फिरत्या वाड्याला त्याहून निकडीची गरज वाटेवरच्या लसीकरणाची आहे. आंत्रविषार आणि नीलजिव्हा हे रोग पावसाळ्यात उठतात, आणि तेव्हा वाडा आपल्या गावच्या दवाखान्यापासून लांब, बहुधा दुसऱ्या राज्यात असतो.