भरभर वाचणं आणि ओघवतं वाचणं

दुसरीच्या वर्गात प्रकट वाचन चाललंय. एक मूल दम न घेता धडा संपवतं. पूर्णविरामाला थांबत नाही, ‘होता’चं ‘होती’ करतं, ‘आश्चर्य’ला ‘आचार्य’ म्हणून पुढे निघून जातं. दुसऱ्याला त्याच धड्याला थोडा जास्त वेळ लागतो, पण प्रश्नचिन्ह आलं की त्याचा आवाज आपोआप चढतो. शाबासकी बहुतेकदा पहिल्याला मिळते. मला ती दुसऱ्याला द्यावीशी वाटते.

दोघंही फारसे अडखळत नाहीत, म्हणून आपली गल्लत होते. ओघवत्या वाचनात तीन गोष्टी एकत्र लागतात: अचूकपणा, बोलण्यासारखा सहज वेग आणि अर्थाला धरून येणारे आरोह-अवरोह. भरभर वाचणाऱ्याकडे यातला वेग तेवढा असतो. घड्याळाला तेवढंच मोजता येतं, त्यामुळे बाकीचं निसटलं तरी कळत नाही.

हे वाक्य बघा: ‘राजू ओरडत पळणाऱ्या माकडाकडे बघत राहिला.’ ओरडतंय कोण? ‘राजू’नंतर जरा थांबलं तर माकड, ‘ओरडत’नंतर थांबलं तर राजू. अक्षरं तीच, वेगही तोच. कुठे थांबायचं हे मुलाला ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला आधी अर्थ लागावा लागतो. एका दमात वाचणारं मूल हा प्रश्नच टाळून पुढे जातं.

म्हणून सावकाश वाचणं चांगलं, असंही नाही. ‘प्र... श्न... प्रश्न’ असं जुळवत जाणारं मूल वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. लाबर्ज आणि सॅम्युअल्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९७४ मध्ये याचं कारण मांडलं: लक्ष मर्यादित असतं, ते सगळं शब्द ओळखण्यात खर्च झालं तर अर्थासाठी काही उरत नाही. शब्द आपसूक ओळखू येऊ लागले की लक्ष मोकळं होतं आणि वेगही वाढतो. ‘लवकर वाच’ असं दटावल्याने मात्र शब्द ओळखीचे होत नाहीत. मूल अंदाज बांधायला शिकतं, एवढंच.

मग काय करायचं? सॅम्युअल्स यांनीच १९७९ मध्ये पुन्हा पुन्हा वाचण्याची पद्धत सविस्तर मांडली, आणि ती आजही उपयोगी पडते. पन्नास ते शंभर शब्दांचा उतारा घ्या. वीस शब्दांत एखादाच अडेल इतका सोपा. आधी तुम्ही वाचा, अगदी गोष्ट सांगितल्यासारखा, आणि मुलाचं बोट ओळीखालून फिरू द्या. मग दोघं मिळून, मग ते एकटं, तीन-चार वेळा. अडलेलं जोडाक्षर लगेच फोडून दाखवा, पण ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचून घ्या. वर्गात एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत बसून राहायचं, यात प्रत्येकाचा सराव जेमतेम मिनिटभर होतो. जोड्या लावून दिल्या तर निम्मा वर्ग एका वेळी वाचत असतो.

एक फसगत इथेही होते. चौथ्या वेळी मूल छान वाचतं, पण ते पाठ झालेलं असू शकतं. उताऱ्याच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा, किंवा त्यातलेच शब्द घालून नवं वाक्य लिहून द्या. तिथे अडलं तर अजून शब्दांशी ओळख व्हायची आहे.

वेळ लावायचा असेल तर बिनधास्त लावा, पण दोन मुलांची तुलना करू नका. त्याच मुलाचं सोमवारचं आणि शुक्रवारचं वाचन शेजारी ठेवा. आणि वाचता वाचता मूल स्वतःहून थांबलं, मागे आलं, ‘आचार्य’चं ‘आश्चर्य’ केलं आणि वाक्य पुन्हा वाचलं, तर त्या चार-पाच सेकंदांत त्याला टोकू नका. काहीतरी जुळत नाहीये हे त्याचं त्याला कळलंय.