पार्श्वभूमी: स्ट्रॅटेजी गेममध्ये आपलं नाव, आपला झेंडा

1994 च्या ‘एक्स-कॉम’ या गेममध्ये प्रत्येक शिपायाचं नाव बदलता येई. मेलेला शिपाई परत मिळत नसे. मित्राचं नाव दिलेला गडी पडला की चुटपुट लागायची.

ठाण्या-वाशीकडे ही गोडी लागली ती ‘एज ऑफ एम्पायर्स 2’मुळे (1999). शाळा सुटल्यावर नौपाड्यातल्या सायबर कॅफेत लॅनवर (एकमेकांना जोडलेल्या मशिनांवर) खेळत बसणाऱ्या पोरांना सिनारिओ एडिटर, म्हणजे स्वतःचा नकाशा बनवायची सोय, सापडला. डोंगर उचल, खाडी ओढ, काठावर कॅसल ठेव, की झालं घोडबंदर. पुढच्या वर्षीच्या ‘कॉन्करर्स’ विस्तारात (गेमच्या पुरवणीत) ट्रिगर, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारी आज्ञा, लावून युनिटचं (शिपाई, इमारत वगैरेचं) नावही बदलता येऊ लागलं. कॅफेतली बरीच मशिनं रीस्टार्ट झाली की सगळं पुसून टाकत, म्हणून नकाशाची फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून घरी न्यायची.

मग 2009 मध्ये ‘एम्पायर: टोटल वॉर’ आला आणि मराठे थेट निवडता येऊ लागले. पण नाव काय, तर ‘मराठा कॉन्फेडरसी’ (मराठा राज्यसंघ), आणि खेळ सुरू होतो 1700 साली! या शब्दावर तेव्हाही वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. इंग्रजी ग्रंथांत हा शब्द इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, नागपूर इथल्या सरदार घराण्यांच्या जुळणीसाठी येतो. ती जुळणी 1720 नंतर आकाराला आली. 1700 च्या मार्चमध्ये छत्रपती राजारामांचं सिंहगडावर निधन झालं, राणी ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली आणि मोगलांशी झुंज चालूच राहिली. ते एका गादीचं स्वराज्य होतं. ठाणं तेव्हा पोर्तुगीजांकडे होतं, मराठ्यांनी घेतलं 1737 मध्ये. ज्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्याच्या सावलीत वाढलेल्या मुलाला पडद्यावर ‘कॉन्फेडरसी’ वाचून ते राज्य आपलं कसं वाटावं? मोडर्सनी (गेममध्ये स्वतःचे बदल करणाऱ्या खेळाडूंनी) गेममधल्या मजकुराची फाइल उघडून नावं बदलली. बदल दोन शब्दांचा, पण त्यानंतर मोहीम खरी वाटू लागते. ग्राफिक्सपेक्षा रमण्याचा संबंध नावाशी जास्त आहे, हे माझं ठाम मत आहे.

पुढं बनवणाऱ्यांनीच दारं उघडली. ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस 4’च्या ‘एल डोराडो’ विस्तारात (2015) गुण खर्चून राज्याचं नाव, झेंडा, धर्म, घराणं ठरवता येऊ लागलं. 2016 च्या ‘एक्सकॉम 2’मध्ये आपण घडवलेली माणसं साठवून पुढच्या मोहिमांत आणता येतात, त्याच वर्षीच्या ‘स्टेलारिस’मध्ये तर अख्खी प्रजाती घडवायची. ‘क्रुसेडर किंग्ज 3’मध्ये राजाचं नाक-डोळेसुद्धा आपल्या हातात आले.

2022 मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स 2’नं ‘इंडियन्स’ ही एकच संस्कृती मोडून हिंदुस्थानी, बंगाली, द्रविड, गुर्जर अशा चार केल्या. मराठे त्यात नाहीत. खेळाचा काळ मध्ययुगाचा असल्यानं स्वराज्य बसत नाही, हे मान्य. पण देवगिरीचे यादव नक्की बसले असते. त्यांच्यासाठी अजूनही एडिटरच उघडावा लागतो.