नऊ सेंटिमीटरची शाबासकी

ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर रविवारी सकाळी उभं राहिलं की एका वेळी किती मॅचेस चालू आहेत तेच कळत नाही. एका मॅचचा कव्हर दुसऱ्या मॅचच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो, आणि ‘बॉऽऽल’ अशी आरोळी आली की तिसऱ्याच मॅचचा अंपायर खाली वाकून चेंडू फेकतो. नवरात्राच्या थोडं आधीची गोष्ट. पाऊस संपत आलेला, गवत ओलं. मैदानाच्या कडेला लावलेल्या जाळीत बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा सीझन बॉलवर बॅटिंग करत होता. सलग तीन चेंडू त्याच्या बॅटजवळून बाहेर निघून गेले. तिन्ही वेळा जाळीमागून त्याच्या सरांचा आवाज आला, “शाब्बास!”

मुलाचे वडील शेजारीच उभे होते. त्यांना राहवेना. “सर, पोरगा तीनदा बीट झाला. शाब्बास कसलं?”

“बीट झाला म्हणूनच,” सर म्हणाले आणि चहा घ्यायला गेले.

ते वाक्य डोक्यातून जाईना. घरी आलो, भाच्याची बॅट काढली, शिवण उसवत आलेला एक जुना चेंडू शोधला आणि कंपासपेटीतली पट्टी घेऊन जेवणाच्या टेबलावर बसलो. नियमानुसार बॅटची रुंदी जास्तीत जास्त 10.8 सेंटिमीटर असते, आणि चेंडूचा परीघ 22.4 ते 22.9 सेंटिमीटर. म्हणजे व्यास साधारण 7.2. आता समजा, फलंदाजाने चेंडूच्या रेषेत बरोबर बॅट आणली आणि चेंडू टप्पा पडल्यावर बाहेर वळला. चेंडूचा मध्य 5.4 सेंटिमीटरपर्यंत सरकला तर तो अजून बॅटच्या तोंडावरच लागतो. 9 सेंटिमीटरच्या पुढे गेला तर बॅटला स्पर्शच होत नाही. कट, म्हणजे बॅटच्या कडेचा निसटता स्पर्श, लागते ती फक्त या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे जेमतेम साडेतीन सेंटिमीटरमध्ये. बिस्किटाच्या रुंदीहूनही कमी.

हा पट्टा कोनात मोजला तर आणखी मजा येते. वेगवान गोलंदाजाचा चेंडू बॅटच्या पाच मीटर पुढे टप्पा खातो असं धरू. तिथून तो अर्ध्या अंशाने वळला तर बॅटपर्यंत येताना साडेचार सेंटिमीटर सरकतो. फलंदाज बचावला, आणि कुणाला काही कळलंही नाही. सव्वा अंशाने वळला तर जवळपास अकरा सेंटिमीटर सरकतो. तेव्हाही फलंदाज बचावला, पण प्रेक्षक ‘अरेरे’ करतात. कट लागून स्लिपमध्ये, म्हणजे यष्टिरक्षकाच्या शेजारी उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाकडे जाणारा झेल असतो तो या दोन्हींच्या मध्ये, साधारण 0.6 ते 1 अंशात. गोलंदाजाने आणि खेळपट्टीने मिळून जरा जास्तच कामगिरी केली की फलंदाज वाचतो. टीव्हीवर समालोचक चकलेल्या फलंदाजाला ‘नशीबवान’ म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. चेंडू जास्त वळला हे नशीब. पण बॅट मूळ रेषेतच ठेवली, चेंडूच्या मागे ओढली नाही, हे कसब.

कारण या सगळ्या हिशेबात एक अट लपलेली आहे, बॅट जागची हलता कामा नये. चेंडू वळताना पाहून हात त्याच्यामागे गेले, तर जो चेंडू दोन बोटं लांबून गेला असता त्यालाच आपण होऊन कड नेऊन देतो. मैदानावर याला ‘छेडणं’ म्हणतात. शब्द अगदी अचूक आहे. न छेडता तो गेला असता.

मग माणूस छेडतो का? इथे डोळे आणि मेंदू येतात.

ताशी 130 किलोमीटर वेगाचा चेंडू एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंतचं 17.7 मीटर अंतर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. 1987 साली ऑक्सफर्डच्या पीटर मॅकलॉइड या मानसशास्त्रज्ञाने आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूंना एका खास तयार केलेल्या खेळपट्टीवर खेळायला लावलं. मॅटिंगच्या खाली लाकडी दांड्या ठेवलेल्या होत्या. चेंडू त्यांच्यावर पडला की आत येईल की बाहेर जाईल हे कुणालाच सांगता येत नसे. वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं तेव्हा दिसलं की चेंडूने टप्प्यावर दिशा बदलल्यानंतर बॅटची दिशा बदलायला या खेळाडूंना सुमारे 200 मिलिसेकंद लागतात. सेकंदाचा पाचवा भाग. तुम्हाआम्हालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. थोर फलंदाजांची प्रतिक्रिया विजेसारखी असते, या समजाची त्या मॅटिंगवर पार वाट लागली.

आता हा आकडा आपल्या टेबलावरच्या हिशेबाशेजारी ठेवा. पाच मीटर पुढे टप्पा पडलेला चेंडू बॅटपर्यंत यायला 0.16 सेकंदाच्या आसपास घेतो. म्हणजे तो वळला हे मेंदूच्या लक्षात येऊन हात हलेपर्यंत खेळ संपलेला असतो. तिथे छेडायला सवडच नाही, त्यामुळे रेषेत खेळणारा एक तर बॅटच्या मधोमध घेतो, नाहीतर चकतो, क्वचित कट देतो. खरा घात होतो थोड्या आखूड चेंडूवर. टप्पा सात-साडेसात मीटरवर पडला की 0.23-0.24 सेकंद मिळतात. एवढ्यात हात निघतात, पण पोहोचत नाहीत. अर्धवट सवड ही अशी वैरीण. ऑफ स्टंपच्या जरा बाहेर, गुड लेंग्थच्या किंचित मागे तासन्‌तास मारा करणारे गोलंदाज नेमकी हीच अर्धवट सवड फलंदाजाला देत असतात, असं मला हा हिशेब केल्यापासून वाटतं.

प्रतिक्रिया सगळ्यांची सारखीच, तर मग मोठा फलंदाज वेगळा कुठे असतो? अंदाजात. 2000 साली मायकेल लँड यांनी मॅकलॉइड यांच्याबरोबर फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. लहानपणापासून आपण ऐकत आलो, ‘बॉलवरून नजर हटवू नको.’ प्रत्यक्षात फलंदाजाची नजर हटते, हटावीच लागते. हातातून चेंडू सुटताना तो पाहतो, मग नजर एकदम उडी मारून टप्पा जिथे पडणार त्या जागी जाऊन थांबते आणि चेंडू तिथे येण्याची वाट बघते. टप्पा पडल्यावर पुन्हा थोडा वेळ पाठलाग. मधला प्रवास डोळे सोडूनच देतात. प्रयोगातल्या सरस फलंदाजाची ही उडी कच्च्या फलंदाजापेक्षा आधी पडत होती. ज्याला आपण ‘त्याच्याकडे वेळ खूप असतो’ म्हणतो, तो वेळ या उडीतून आलेला.

स्विंगचा त्रास निराळा. त्यात चेंडू हवेतच वळतो. तिरक्या धरलेल्या शिवणीमुळे एका बाजूची हवा खवळते आणि चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते, गुळगुळीत बाजूची लवकर सुटते, आणि चेंडू शिवणीच्या दिशेला ढकलला जातो. हा धक्का सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागत असतो, म्हणून सरकलेलं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. एकूण 40 सेंटिमीटर वळणारा चेंडू पहिल्या अर्ध्या वेळेत फक्त 10 सेंटिमीटर सरकतो, उरलेले 30 शेवटच्या अर्ध्यात. ‘शेवटी वळला’ असं जे म्हणतात त्यातला बराच भाग असा भूमितीचाच असतो.   आता आपल्याकडचा लाडका सिद्धान्त असा की दमट हवा जड असते म्हणून चेंडू जास्त स्विंग होतो. प्रत्यक्षात दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या रेणूचं वजन 18, नायट्रोजनच्या 28, ऑक्सिजनच्या 32. ठाण्याच्या घामट दुपारी ती जड वाटते, तो भाग वेगळा. प्रयोगशाळेत निव्वळ दमटपणाने स्विंग वाढल्याचं काही ठोस दिसलेलं नाही. हे मी मैदानावर एकदा बोललो, आणि नंतर बराच वेळ कुणी माझ्याशी बोललं नाही.

फिरकीला उपाय जुनाच. वळण्याचा कोन बदलता येत नाही, पण टप्प्यापासून बॅटचं अंतर बदलता येतं. पाच अंशाने वळणारा चेंडू दोन मीटरवर साडेसतरा सेंटिमीटर सरकतो, अर्ध्या मीटरवर साडेचारच. म्हणून एक तर पाय टाकून टप्प्यावर जायचं, नाहीतर पार मागे जाऊन चेंडू वळू द्यायचा आणि मग बघायचं. मधे लटकलेला मेला.

एवढं करूनही प्रत्येक चेंडूवर बाद होण्याची थोडी शक्यता उरतेच, आणि संयमाचा सगळा हिशेब त्या ‘थोडी’वर आहे. समजा, खेळपट्टी अशी वाईट आहे की दर साठ चेंडूंत एकदा बाद होण्याचा धोका. अशा खेळपट्टीवर 120 चेंडू टिकण्याची शक्यता 13 टक्के निघते. बाहेरचे चेंडू सोडून, ड्राइव्ह गुंडाळून ठेवून धोका निम्मा केला, दर एकशेवीस चेंडूंत एकदा, तर तीच शक्यता 37 टक्के होते. धोका अर्धा, फायदा जवळजवळ तिप्पट. चक्रवाढ व्याजासारखं आहे हे, फरक दिसायला वेळ लागतो. जानेवारी 2021 मध्ये सिडनीला मांडीचा स्नायू दुखावलेला हनुमा विहारी 161 चेंडूंत नाबाद 23 वर राहिला, दुसऱ्या टोकाला अश्विन 128 चेंडूंत नाबाद 39. सामना अनिर्णित. 2018 ला जोहान्सबर्गच्या उसळत्या खेळपट्टीवर चेतेश्वर पुजाराने पहिली धाव काढली ती 54 व्या चेंडूवर. त्या सकाळी लोक त्याच्यावर वैतागले होते. मीही. त्या डावात त्याने 50 धावा केल्या आणि भारत सामना 63 धावांनी जिंकला.

वाट बघण्यात आणखी एक फायदा आहे, चेंडू म्हातारा होतो. शिवण चेपते, चकाकी जाते, कडकपणा कमी होतो. कसोटीत नवा चेंडू मिळायला 80 षटकं थांबावं लागतं. म्हणून पहिली वीस-पंचवीस षटकं काढली की समोरचं संकट आपोआप थोडं लहान होतं. मात्र संयम म्हणजे नुसती बॅट लावत बसणं नव्हे. 2014 मध्ये लॉर्ड्सच्या हिरव्या खेळपट्टीवर भारताची अवस्था 7 बाद 145 झालेली असतानाही आमच्या जिल्ह्यातल्या डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेने 103 काढल्या. आधी थांबला, मग सुटला.

डोक्याचं काय, हा प्रश्न राहतोच. पुजाराने 2017 मध्ये रांचीला एका डावात 525 चेंडू खेळले. अकरा तासांहून जास्त वेळ तो मैदानात होता. पण त्या 525 चेंडूंचा प्रत्यक्ष प्रवास अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने जोडला तर साडेचार मिनिटंसुद्धा भरत नाहीत. म्हणजे साडेचार मिनिटांच्या कामासाठी अकरा तासांची हजेरी. आणि माणसाचं लक्ष अकरा तास टिकत नाही. नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर बसणाऱ्यांसाठी केलेले प्रयोग 1948 साली छापले. घड्याळाच्या काट्याची क्वचित पडणारी दुहेरी उडी ओळखायची, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढायला लागल्या. म्हणून अनुभवी फलंदाज मधल्या वेळात मुद्दाम लक्ष काढून घेतात. हातमोज्यांची पट्टी सोडतात, लावतात, खेळपट्टी ठोकतात, स्क्वेअर लेगकडे चालत जातात. गोलंदाज धावायला लागला की दिवा लावायचा, चेंडू मेला की बंद.

योगायोग असा की त्याच 1948 साली मुंबईत कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा सुरू झाली. भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर, चेंडू रुतून उसळतो किंवा रुतून बसतो अशा मैदानांवर. तिथे तीस धावा करणाऱ्याचं कौतुक शतकासारखं होतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी सरांना मॅकलॉइडचा प्रयोग सांगितला. ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात बघतो तर कुठल्यातरी सुटलेल्या मांडवाच्या बांबूच्या कामट्या मॅटिंगखाली अंथरलेल्या. पोरं रांगेत. त्या मुलाचे वडील वहीत काहीतरी टिपत होते. वाकून पाहिलं, तर ‘बीट’ असा एक नवा रकाना केलेला, त्यात उभ्या रेघा.

“तुम्हीच सांगितलंत ना, मग या आत,” सर मला म्हणाले. पॅड बांधले. त्यांनी दहा पावलांवरून सहा चेंडू फेकले. पहिल्याला बॅट उशिरा आली. दुसरा आत आला आणि मांडीवर बसला. तिसऱ्याला आणि चौथ्याला मी हात नेले, दोन्हींना कट लागली. पाचवा कुठे गेला ते मला दिसलं नाही. सहावा कामटीवर पडून बॅटच्या बाजूने सप्पकन बाहेर गेला, आणि मागून आवाज आला, “शाब्बास! अजिबात छेडलं नाहीत!”

वडिलांनी वहीत रेघ ओढली. मी घाबरून डोळे मिटले होते, हे दोघांनाही सांगितलं नाही.