पॉलिइलेक्ट्रोलाइट आणि सजीव

ज्या पॉलिमरच्या लांब साखळीवर ठिकठिकाणी विद्युतभार असतो, त्याला पॉलिइलेक्ट्रोलाइट किंवा भारित बहुवारिक म्हणतात. जिवाणूचे कवच, यीस्टची पेशीभित्तिका, माशांच्या कल्ल्यांवरचा बुळबुळीत थर असे सजीवांचे बहुतेक पृष्ठभाग ऋणभारित असतात. त्यामुळे धनभारित साखळी पाण्यात आली की पेशीला चिकटते. ऋणभारित साखळी सहसा लांब राहते. या पदार्थांचे औषधी गुण आणि विषारीपणा, दोन्ही मुख्यतः इथूनच येतात.

पेशीच्या आतही हाच व्यवहार चालतो. डीएनएच्या प्रत्येक बेस-जोडीमागे दोन ऋणभार असतात आणि धनभारित हिस्टोन प्रथिनांच्या एका गाभ्याभोवती अशा सुमारे १४७ जोड्या गुंडाळलेल्या असतात. दोन साखळ्या जुळतात त्या केवळ धन-ऋण आकर्षणाने नव्हे. प्रत्येक साखळीभोवती विरुद्ध भाराचे आयन दाटलेले असतात. साखळ्या जवळ आल्या की ते मोकळे होतात आणि एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा, वाढते. म्हणूनच पाण्यात मीठ वाढले की हा जोड सैल पडतो. रक्त गोठू न देणारे हेपॅरिन तीव्र ऋणभारित असते, त्याचा परिणाम उतरवायला धनभारित प्रोटामाइन देतात. प्रोटामाइनचा हा परिणाम शारगाफ आणि ओल्सन या संशोधकांनी १९३७ मध्ये दाखवला.

नाशिक जिल्ह्यात हा विषय हाताशी येतो तो द्राक्षबागेत. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून कायटोसॅन हे धनभारित बहुवारिक मिळते. ते बुरशीच्या पेशीपटलाला इजा करते आणि वेलीची स्वतःची प्रतिकारयंत्रणाही जागी करते. युरोपीय संघाने २०१४ मध्ये कायटोसॅन हायड्रोक्लोराइडला पीकसंरक्षणातील ‘मूलभूत पदार्थ’ म्हणून मान्यता दिली. दिंडोरी-निफाड पट्ट्यातून युरोपला माल पाठवणाऱ्या आणि ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा-भुरी या रोगांच्या धास्तीत असणाऱ्या बागायतदाराला ही बाब महत्त्वाची आहे, कारण तिकडे रासायनिक अवशेषांची कसून तपासणी होते.

मात्र कायटोसॅनचा भार पाण्याच्या सामूवर (pH) अवलंबून असतो. सामू साधारण ६.५ च्या खाली असेल तरच त्याचे अमाइन गट पुरेसे भारित राहतात. बोअरच्या अल्कधर्मी पाण्यात भार उतरतो, टाकीत पांढरट तंतू आणि गोळे दिसू लागतात, नोझल तुंबतात. ह्युमिक ॲसिड (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातले आम्ल) किंवा समुद्री शेवाळाचा अर्क त्याच टाकीत ओतला तरीही तसेच होते, कारण ते दोन्ही ऋणभारित आहेत: कायटोसॅन पानापर्यंत पोचण्याआधी त्यांनाच धरून बसते. फवारा ‘लागू पडला नाही’ अशी तक्रार आली तर औषधाला दोष देण्याआधी टाकीतले पाणी आणि मिश्रण तपासावे.

वाइनचा सामू ३ ते ४ असल्याने तिथे ही अडचण येत नाही. घोड्याच्या तबेल्यासारखा वास आणणाऱ्या ब्रेटॅनोमायसिस यीस्टवर ॲस्परजिलस नायजर बुरशीपासून काढलेले कायटोसॅन वापरतात.

पाण्याच्या शुद्धीकरणात चित्र वेगळे आहे. पावसाळ्यात गोदावरी गढूळ होते ती ऋणभारित मातीच्या बारीक कणांमुळे. असे कण एकत्र आणून खाली बसवण्यासाठी तुरटीच्या जोडीला पॉलिइलेक्ट्रोलाइट वापरता येतात. सांडपाण्याच्या गाळातले पाणी काढायला धनभारित पॉलिॲक्रिलामाइड सर्रास वापरले जाते. त्याची मात्रा जास्त होऊन ते नदीत गेले तर माशांच्या कल्ल्यांना चिकटते आणि श्वसन अडते. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात हा विषारीपणा तीव्र दिसतो. नदीच्या पाण्यातील ह्युमिक द्रव्ये आणि माती साखळीला आधीच पकडत असल्याने तो बराच कमी होतो. म्हणजे बागेत फवारा निकामी करणारे ह्युमिक द्रव्य नदीत माशाला वाचवते. तरी उन्हाळ्यात पात्रात पाणीच थोडे असते, तेव्हा या संरक्षणावर भिस्त ठेवणे धोक्याचे. मात्रेवर नियंत्रण प्रकल्पातच हवे.

पॉलिॲक्रिलामाइडची साखळी स्वतः माणसाला फारशी विषारी नसली तरी त्यात उरलेला ॲक्रिलामाइड हा एकवारिक, म्हणजे साखळीचा सुटा घटक, मज्जासंस्थेला घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम ठेवले आहे.