आजोबांच्या कॅमेऱ्यात फंगस आहे की हेझ, ते आधी बघा

माळ्यावरून आजोबांचा कॅमेरा खाली येतो. कोणीतरी लेन्सवर मोबाइलची बॅटरी मारतं, आतली काच पांढुरकी दिसते आणि जागच्या जागी निकाल लागतो: "फंगस आहे, लेन्स गेली." मग तो कॅमेरा शोकेसमध्ये तरी जातो, नाहीतर भंगारवाल्याकडे. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत फंगस नसतंच. असतो तो हेझ, म्हणजे काचेवर बसलेला तेलाचा धूसर थर, आणि पुष्कळदा तो पुसून जातो. कॅमेरा दुरुस्त करावा की नाही, हा प्रश्न शटर, चामडं किंवा किंमत यांच्याआधी इथे सुटतो. म्हणून हा घोळ एकदा नीट निस्तरायला हवा.

फंगस म्हणजे काय हे पावसाळा काढलेल्या माणसाला सांगायला नको. चपला, पुस्तकं, पट्टे यांवर येते तीच बुरशी. हवेतली आर्द्रता बराच काळ सत्तर टक्क्यांच्या आसपास राहिली, की काचेवरची धूळ आणि बोटांचे ठसे एवढं खाद्य तिला पुरतं. कोकणात आणि मुंबईत तर कपाटातसुद्धा चार महिने तेवढी आर्द्रता असते. लेन्समधली बुरशी बहुतेकदा कडेकडून आत सरकते आणि तिला धागे असतात. धाग्यांना फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या. ती आम्लं सोडते आणि त्या आम्लांनी आधी काचेवरचं कोटिंग, म्हणजे काचेला दिलेला पातळ लेप, मग काचही खाल्ली जाते. नुकसान खरं आहे, पण त्याला वेळ लागतो.

हेझ ही सजीव गोष्टच नाही. शटरच्या आणि ॲपर्चरच्या (उजेड आत सोडणाऱ्या लहानमोठ्या होणाऱ्या छिद्राच्या) पात्यांना लागलेलं तेल, फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस यांतला हलका भाग वर्षानुवर्षं उडत राहतो आणि जवळच्या थंड काचेवर जाऊन बसतो. स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या काचेवर फोडणीच्या वाफेचा चिकट थर धरतो, तसाच. म्हणून हेझ जवळजवळ नेहमी आतल्या काचांवर, पात्यांकडे तोंड असलेल्या बाजूला सापडतो. त्याला धागे नसतात, फांद्या नसतात, कडाही नसते. सगळीकडे सारखा, दुधाळ, विरळ पडदा असतो.

दोन्ही ओळखायला खोलीतले दिवे घालवा. कॅमेऱ्यात फिल्म नाही याची खात्री करून मागचं झाकण उघडा. शटर 'बी'वर ठेवून (बटण दाबलं असेतोवर ते उघडं राहतं) दाबून धरा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा. आता पुढून टॉर्च सरळ नाही, तिरका मारा आणि मागून बघा. पन्नास मिलिमीटरची एखादी लेन्स घरात असेल तर ती उलटी धरून भिंगासारखी वापरा; धागे असतील तर लगेच दिसतील. मग टॉर्च बंद करून दिवसाउजेडी खिडकीकडे रोखून त्याच काचेतून पाहा. टॉर्चच्या उजेडात धुकं दिसलं आणि खिडकीकडे रोखल्यावर काच जवळजवळ स्वच्छ वाटली, तर तो हेझ. टॉर्चमध्ये फांद्या दिसल्या, तर बुरशी. खिडकीसमोरही त्याच जागी रेघा किंवा डाग कायम राहिले, तर बुरशी दाट आहे किंवा तिने काच खाल्ली असण्याची शक्यता आहे. धूळ, काचेतले बारीक बुडबुडे, पुढच्या काचेवरचे दोन-चार ओरखडे यांच्याकडे बघू नका. फोटोत त्यांचा पत्ता लागत नाही.

रोलिफ्लेक्स, रोलिकॉर्ड किंवा याशिका मॅटसारखा दोन डोळ्यांचा कॅमेरा असेल, तर खालची लेन्स तपासा. फोटो ती काढते, वरची फक्त फ्रेम दाखवते. वरच्या लेन्समधलं फंगस बघून अख्खा कॅमेरा बाद केलेला मी पाहिला आहे. आतल्या आरशाची चकाकी गेली की वरचं चित्र अंधूक दिसतं, त्यालाही लोक फंगस म्हणतात. त्याचा फोटोशी काही संबंध नाही.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. बुरशी दिसायला भयंकर असते, पण कडेला चार धागे असतील तर फोटोवर बहुधा काहीच फरक पडत नाही. लेन्समध्ये असलेली वस्तू फिल्मवर फोकसमध्ये येतच नाही. हेझ मात्र डोळ्याला किरकोळ वाटतो आणि फोटो पार फिका करून टाकतो. काळे भाग राखाडी होतात, दिव्याभोवती प्रभावळ पसरते, उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोतली जान जाते. लोक घाबरतात पहिल्याला आणि चालवून घेतात दुसऱ्याला. व्हायला हवं नेमकं उलट.

तिसरा एक प्रकार आहे, तो थोडक्यात सांगतो. काही लेन्समध्ये दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात. जुन्या काळी त्यासाठी कॅनडा बाल्सम नावाची झाडाची राळ वापरत. ती सुटू लागली की कडेपासून आत येणारी चकचकीत चंद्रकोर किंवा इंद्रधनुषी वलयं दिसतात. टेसार पद्धतीच्या चार काचांच्या लेन्समध्ये, म्हणजे याशिनॉन किंवा झेनार यांच्यात, मागची जोडी अशी चिकटवलेली असते. याशिकॉरसारख्या तीन काचांच्या लेन्समध्ये किंवा ॲग्फा क्लिक थ्रीच्या साध्या एका काचेत चिकटवलेलं काही नसतंच, त्यामुळे तिथे ही भीती नाही.

मग खर्च करावा का? हेझ असेल तर माझं उत्तर जवळजवळ नेहमी हो. पुढचा आणि मागचा काचांचा गट आट्यांवरून सुटतो, आतल्या बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या जातात. लेन्स उघडलीच आहे तर शटरचं सुकलेलं तेलही त्याच वेळी काढून घ्यावं, कारण हेझ तिथूनच आला आहे. शटर तसंच ठेवून नुसती काच पुसली तर काही वर्षांनी पडदा परत धरतो. अपवाद आहेत. काही जुन्या लायका लेन्समध्ये थर इतका काळ बसून राहतो की काचच खरवडल्यासारखी होते. तिथे पुसून भागत नाही, हे कारागिराने उघडून सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

फंगस असेल तर एकच प्रश्न विचारा: बुरशी मोकळ्या पृष्ठभागावर आहे, की चिकटवलेल्या जोडीच्या आत? मोकळ्या पृष्ठभागावरची निघते. कोटिंगवर तिच्या वाटेच्या फिकट खुणा उरतील, त्या राहू द्या. जोडीच्या आत गेलेली काढायला काचा वेगळ्या करून, पुन्हा केंद्रात बसवून चिकटवाव्या लागतात. एवढं काम चांगल्या रोलिफ्लेक्ससाठी करून घ्यावं, साध्या फोल्डिंग कॅमेऱ्यासाठी नाही. तो आहे तसा जपा.

काही सल्ले मात्र बंद व्हायलाच हवेत. अडकलेल्या शटरमध्ये डब्ल्यूडी-फॉर्टी हा गंजावरचा तेलकट फवारा मारू नका. ते पात्यांवर पसरतं, त्यामुळे पाती आणखी चिकटतात आणि तुमच्या हाताने नवा हेझ तयार होतो. लेन्सला टूथपेस्ट लावू नका, तिने कोटिंग घासलं जातं. फंगससाठी लेन्स आठवडाभर उन्हात ठेवण्याचा सल्ला तर अर्धवट ऐकून पसरला आहे. मूळ सल्ला वेगळ्याच दोषासाठी आहे: थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य घातलेल्या काचेच्या काही लेन्स, उदाहरणार्थ जुनी टाकुमार ५० मिमी एफ/१.४, काळाने पिवळ्या पडतात आणि तो पिवळेपणा अतिनील किरणांनी उतरतो. उन्हाने बुरशीची वाढ थांबू शकते, पण तिचे धागे पुसल्याशिवाय जात नाहीत आणि खाल्लेली काच भरून येत नाही. तासन् तासाच्या उन्हाने पात्यांवरचं तेल पातळ होऊन पसरतं ते वेगळंच.

बाहेरून नवं चामडं लावणं, झिजलेला काळा रंग उतरवून चकचकीत करणं हे मला मुळीच पटत नाही. आजोबांच्या अंगठ्याने जिथे पितळ उघडं पाडलं आहे, ते तसंच राहू द्यावं. आधी पैसे लेन्स आणि शटरवर घाला.

फिल्मचं म्हणाल तर १९०१ साली आलेली १२० या मापाची रोल फिल्म अजून सहज मिळते आणि सहा बाय सहा सेंटीमीटरच्या फ्रेमच्या कॅमेऱ्यात तिचे बारा फोटो होतात. ६२० चा कॅमेरा असेल तर फिल्म तीच आहे, फक्त रीळ बारीक. अंधारात १२० ची फिल्म ६२० च्या जुन्या रिळावर गुंडाळून घेता येते. १२७ ची फिल्म मिळवणं मात्र कष्टाचं आहे, तो कॅमेरा रोज वापरायच्या हिशेबाने दुरुस्त करू नका.

शटर उघडतंय-मिटतंय अशा अवस्थेत असेल, तर कारागिराकडे जाण्याआधी एक कृष्णधवल रोल घालून बघा. दोन फ्रेम सावलीत, दोन मुद्दाम खिडकीसमोर माणूस बसवून. खिडकीसमोरच्या निगेटिव्हमध्ये केस आणि मागचा उजेड एकमेकांत विरघळले, तर तक्रार हेझचीच आहे आणि कारागिराला नेमकं काय सांगायचं ते तुम्हाला कळेल. काम झाल्यावर कॅमेरा त्याच्या जुन्या चामडी कव्हरात परत घालू नका. ते ओल धरून ठेवतं, आणि डांबराच्या गोळ्या ओल शोषत नाहीत. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहील असं बघा. कव्हर आठवण म्हणून हवंच असेल तर वेगळं ठेवा.